एका शब्दाची अनेक शून्ये

बंगळूरच्या कब्बन उद्यानाच्या कडेला एक तांबडी, लांबलचक, खांबांच्या ओळींनी सजलेली इमारत आहे. तिचे लोकांच्या तोंडचे नाव 'अट्टारा कचेरी', म्हणजे आपल्या मराठीत अठरा कचेऱ्या. म्हैसूर संस्थानची अठरा खाती जेथे नांदावयाची, अशी ही १८६८ साली पुरी झालेली वास्तू आज कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे घर आहे. या न्यायालयात इंग्रजीतला 'व्हॉइड' हा शब्द वारंवार उच्चारला जातो. एखादा करार, एखादा विवाह, कधीकधी तर विधिमंडळाने केलेला एखादा कायदाही 'व्हॉइड' आहे की नाही, याचा येथे खल होतो. याच नगरीत इलेक्ट्रॉनिक्स सिटीत आणि व्हाइटफील्डमध्ये संगणकांपुढे बसलेली हजारो तरुण मंडळी हाच चार अक्षरी इंग्रजी शब्द दिवसभर टंकित करीत असतात. वकिलाचा 'व्हॉइड' आणि संगणककाराचा 'व्हॉइड' यांची एकमेकांशी ओळखदेख नाही. दोघांच्याही कोशात मात्र मूळ अर्थ एकच दिलेला असतो, आणि तो म्हणजे रिकामा.

हा रिकामेपणा नेमका कसला, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय वरवर पाहता शब्दकोशाचा वाटेल. परंतु या शब्दाचा अर्थ आपण कोणता धरतो यावर एखाद्या अल्पवयीन मुलीचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून राहू शकते, हे या भाषणाच्या उत्तरार्धात श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

प्रथम शब्दाचे कुळ पाहू. 'व्हॉइड' हा इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. रिकामी जागा दाखविणारा 'व्हेकन्ट', निर्वात स्थिती दाखविणारा 'व्हॅक्यूम' आणि सुटी या अर्थाचा 'व्हेकेशन' ही त्याची भावंडे होत. टाळणे या अर्थाचा 'अव्हॉइड' हाही त्याच्याच घरातला. त्याचा जुना अर्थ रिकामे करणे असा होता. कायद्याच्या भाषेत करार 'अव्हॉइड' करणे म्हणजे करार चुकविणे नव्हे, तर तो निष्प्रभ करून घेणे. वैद्यकात हाच शब्द मूत्राशय रिकामे करण्याच्या क्रियेला लावतात. ब्रिज खेळणाऱ्याच्या हातात एखाद्या रंगाचे एकही पान नसेल, तर त्या रंगात तो 'व्हॉइड' आहे असे म्हणतात. आणि गंमत अशी, की ही उणीव त्याला वरदान ठरते, कारण त्या रंगाची उतारी होताच हुकमाचे पान टाकून तो हात जिंकावयास तो मोकळा असतो.

आपल्या मराठीला या एका शब्दासाठी एक शब्द पुरत नाही. घडा रिता असतो, माणूस रिकामा असतो, वासा पोकळ असतो, गाव ओस पडते आणि कागद कोरा असतो. या विशेषणांची अदलाबदल करून पाहावी, म्हणजे प्रत्येकाचा स्वभाव कळतो. रिकाम्या माणसाला काम नाही. रित्या घड्यात पाणी असावयास हवे होते, ते नाही. पोकळ वाशाला बाहेरून रूप आहे, आत बळ नाही. कोऱ्या कागदाची तर आपल्याकडे कथाच आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा, हे न उमगल्यामुळे त्यांनी कोराच कागद धाडला. इतकी वर्षे तप करूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई त्यावर म्हणाल्याचे परंपरा सांगते. त्या कोऱ्या कागदाला मिळालेले पासष्ट ओव्यांचे उत्तर 'चांगदेव पासष्टी' या नावाने प्रसिद्ध आहे. कागद कोरा होता, म्हणून तो निरर्थक होता असे कोण म्हणेल?

शून्य हा शब्द या सर्वांहून निराळा. संस्कृतात त्याचा संबंध फुगणे या अर्थाच्या धातूशी जोडतात; जे फुगते ते आतून पोकळ होते, हा त्यातला भाव. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याच्या गणिताचे नियम सांगितले. अरबीतून युरोपात जाताना या शब्दाला 'सिफ्र' हे रूप मिळाले आणि त्यापासून 'झिरो' आणि 'सायफर' हे दोन्ही शब्द निघाले. कन्नडात त्याचे 'सोन्ने' झाले. आपल्या जुन्या मराठीत तर शून्याला 'पूज्य' म्हणत. ज्याला काही किंमत नाही त्याला हा मान कोठून मिळाला, असे कोणी विचारील. पण त्या चिन्हावाचून दहा आणि शंभर यांतला भेद लिहिता येणार नाही, हे आठवले म्हणजे तो मान सार्थ वाटतो.

कर्नाटकाच्या भूमीत या शब्दाला आणखी एक उंची लाभली. बाराव्या शतकातील शरणांच्या मेळ्यात, कल्याण नगरीच्या अनुभवमंटपात, अल्लमप्रभूंचे स्थान अग्रभागी होते. हे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, जेथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा शेजारी नांदतात. शरणांच्या वचनांची संवादरूपाने गुंफण करून पंधराव्या शतकात जो ग्रंथ सिद्ध झाला, त्याचे नाव 'शून्यसंपादने', म्हणजे शून्याची प्राप्ती. मिळवावयाचे ते शून्य! येथे शून्य म्हणजे अभाव नव्हे. मी आणि माझे हा भेद गळून पडल्यावर जे उरते ते. बौद्ध आचार्य नागार्जुनांनीही शून्यता सांगितली, तेव्हा जगात काहीच नाही असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. कोणत्याही वस्तूला इतरांवाचून स्वतंत्र असा स्वभाव नाही, एवढेच त्यांचे प्रतिपादन होते.

तत्त्वज्ञानातून आता व्यवहारात येऊ. माती किंवा काँक्रीट यांच्या कणांमध्ये ज्या मोकळ्या जागा राहतात त्यांना अभियंते 'व्हॉइड' म्हणतात. मातीतील अशा जागांचे घन कणांच्या आकारमानाशी असलेले प्रमाण मोजल्यावाचून धरणाचा पाया घालता येत नाही, कारण पाणी झिरपते ते या पोकळ्यांतूनच. बंगळूरच्या पूर्वेस कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. खणता खणता त्या तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या आणि २००१ साली बंद झाल्या. सोने काढून घेतल्यावर मागे राहणारी पोकळी स्वस्थ बसत नाही. वरच्या खडकाचा भार तिच्या कडांवर येतो आणि खडक स्फोट व्हावा तसे फुटतात. कोलारच्या खाणकामगारांनी या संकटाला पिढ्यान्‌पिढ्या तोंड दिले. परंतु याच खाणीच्या पोटात, पृष्ठभागावरील किरणांचा गोंगाट जेथे पोचत नाही अशा खोलीवर, १९६५ साली वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल शास्त्रज्ञांना प्रथम लागली.

आकाशातही अशा पोकळ्या आहेत. भूतप या तारकासमूहाच्या दिशेला १९८१ साली एका प्रचंड पोकळीचा शोध लागला. तिचा व्यास सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षे मानला जातो. तिच्यातही काही दीर्घिका पुढे सापडल्या. म्हणजे ही पोकळीही सर्वस्वी रिकामी नाही. एवढ्या अवकाशात जितके असावयास हवे होते तितके तेथे नाही, इतकाच तिचा अर्थ.

संगणकाच्या भाषेतला 'व्हॉइड' असाच आहे. 'अल्गोल ६८' या भाषेत तो होता. डेनिस रिची यांनी रचलेल्या 'सी' या भाषेच्या १९७८ च्या मूळ पुस्तकात तो नव्हता. नंतर तो आला आणि १९८९ च्या मानकात स्थिर झाला. संगणकाला नेमून दिलेले एखादे काम पुरे झाल्यावर विचारणाऱ्याला काही उत्तर परत देते, जसे बेरीज केली की बेरजेचा आकडा. पण काही कामे अशी असतात, की ती करावयाची असतात, उत्तर द्यावयाचे नसते. अशा कामाच्या नावाआधी 'व्हॉइड' लिहितात. पडद्यावर अक्षरे उमटविणे किंवा कागद छापणे, हे काम झालेले असते, परत आलेले मात्र काही नसते. त्याच भाषेत 'व्हॉइड पॉइंटर' म्हणून एक प्रकार आहे. स्मृतीतल्या एखाद्या जागेकडे तो बोट दाखवितो, पण तेथे अंक आहे, अक्षर आहे की आणखी काही, हे सांगत नाही. येथे 'व्हॉइड' म्हणजे काही नाही असे नसून, काहीही असू शकेल असे झाले!

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा शब्द कोणत्याही क्षेत्रात 'काहीच नाही' असे म्हणत नाही. 'अमुक एका दृष्टीने काही नाही' असे तो म्हणतो. ती दृष्टी कोणती, हे आपण ओळखावयाचे असते. कायद्यात हीच ओळख सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची आहे.

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्याने दोन कोटी पाडल्या. कायद्याने ज्याची अंमलबजावणी होऊ शकत नाही तो समझोता 'व्हॉइड'. ज्या कराराचा निकाल एका पक्षाच्या इच्छेवर सोडला आहे, तो 'व्हॉइडेबल'. हिंदीत या दोहोंना 'शून्य' आणि 'शून्यकरणीय' म्हणतात. फसवून घेतलेली सही दुसऱ्या प्रकारात मोडते. फसलेल्याने तक्रार केली तर करार मोडेल, तो गप्प राहिला तर करार उभाच राहील. पहिल्या प्रकारात तक्रारीची वाट पाहावी लागत नाही. पैज लावण्याचा समझोता शून्य आहे. पण शून्य म्हणजे गुन्हा नव्हे, ही तिसरी खूणगाठही बांधून ठेवावी. शिवाय करार शून्य आहे असे आढळून आल्यास त्याखाली ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा, असे याच अधिनियमाचे ६५ वे कलम सांगते. म्हणजे कायद्याच्या शून्यातही हिशोब शिल्लक असतो.

अज्ञान मुलाने केलेला करार यांपैकी कोणत्या कोटीतला, हा वाद कलकत्त्याच्या एका गहाणखतावरून निघाला. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात निर्णय दिला, की असा करार नुसता मोडता येण्याजोगा नाही, तो मुळातच शून्य आहे.

राज्यघटनेच्या १३ व्या अनुच्छेदातही हा शब्द बसला आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्य होय. मग असा जुना कायदा मेला असे समजावे काय? मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या मोटारवाहतुकीच्या कायद्यात १९४७ साली झालेल्या एका दुरुस्तीवरून हा प्रश्न निघाला आणि भिकाजी नारायण धाकरस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली त्याचे उत्तर दिले. कायदा मेला नव्हता, त्याला ग्रहण लागले होते. १९५१ च्या घटनादुरुस्तीने ते सुटले आणि कायदा पुन्हा प्रकाशात आला. न्यायशास्त्रात या सिद्धान्ताला ग्रहणाचेच नाव मिळाले आहे.

आता विवाहाकडे वळू. मुंबईच्या रखमाबाईंची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये मात्र नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करण्याची त्यांनी तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या. त्यांचे लग्न शून्य ठरविणारा एक शब्दही तेव्हाच्या कायद्यात नव्हता.

१९२९ च्या शारदा कायद्याने बालविवाह करविणाऱ्याला शिक्षा सांगितली. विवाह मात्र तसाच राहू दिला. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने वयाची अट घातली, पण ती मोडल्यास विवाह शून्य होईल असे म्हटले नाही. त्याच वर्षी रखमाबाईंचा अंत झाला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने एक पाऊल पुढे टाकले. अठरा वर्षांखालील मुलीचा किंवा एकवीस वर्षांखालील मुलाचा विवाह 'व्हॉइडेबल' ठरला. जो पक्ष विवाहाच्या वेळी अल्पवयीन होता, त्याने सज्ञान झाल्यावर दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी न्यायालयात अर्ज केला, तर विवाह रद्द होईल.

येथे जरा थांबून विचार करावा. सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या नावावरचे शेत गहाण टाकले, तर ते गहाण १९०३ पासून मुळातच शून्य. त्याच मुलीचे सारे आयुष्य कोणी लग्नाने बांधून टाकले, तर ते बंधन मात्र तिने वकील गाठून, सासर-माहेर दोन्हींचा रोष पत्करून, मुदतीच्या आत सोडवून घ्यावयाचे. शेताला जे संरक्षण मिळाले ते मुलीला मिळाले नव्हते.

ही विसंगती बंगळूरच्या विधानसौधात दूर झाली. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्ती अधिनियमाने मूळ कायद्यात एक पोटकलम घातले आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये ते अमलात आले. त्यानंतर होणारा प्रत्येक बालविवाह कर्नाटकात आरंभापासूनच शून्य ठरला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ च्या एका निकालात या दुरुस्तीची वाखाणणी करून इतर राज्यांनीही हा मार्ग धरावा असे सुचविले. मराठी घरांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्या वर्षी निपाणीत लागलेले असे लग्न मुळातच शून्य होते, आणि काही मैलांवरच्या कागलात लागलेले, मुलगी न्यायालयात जाईपर्यंत, वैध.

तथापि शून्य हा शब्द दुधारी आहे. लग्न झालेच नाही असे कायद्याने म्हटले, की मुलीला फसविणारा पुरुषही तेच म्हणू शकतो. २००६ च्या अधिनियमात मुलीच्या पोटगीची आणि मुलांच्या औरसपणाची तरतूद आहे. पण ती विवाह रद्द करणाऱ्या हुकूमनाम्याला जोडून आहे. जेथे विवाह मुळातच शून्य तेथे हुकूमनाम्याची गरज नाही, आणि म्हणून या हक्कांना दुसरा भक्कम आधार हवा. शून्य विवाहाच्या संततीचा प्रश्न कर्नाटकातूनच निघालेल्या रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की हिंदू विवाह अधिनियमाखाली शून्य असलेल्या विवाहातून झालेले मूल औरसच होय. एकत्र कुटुंबात ते जन्माने सहदायाद होत नाही. परंतु आईबापांच्या मालमत्तेत, आणि एकत्र कुटुंबाची कल्पनेने वाटणी केली असता त्यांच्या वाट्यास जे आले असते त्यातही, त्याला हक्क आहे. विवाह शून्य असला तरी मूल शून्य नाही, हा या निर्णयाचा इत्यर्थ.

म्हणून मराठीत हा कायदा समजावून सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. 'रद्द' म्हटले, की आधी वैध होते आणि नंतर मोडले असा बोध होतो. तो 'व्हॉइडेबल'ला शोभतो. नुसते 'बेकायदेशीर' म्हटले, तर शिक्षा ध्वनित होते, पण बंधन उरले की गेले ते कळत नाही. 'शून्य' हा शब्द नेमका आहे खरा. पण खेडेगावातल्या आईला तो परीक्षेतल्या भोपळ्यासारखा वाटेल. तिला सरळ सांगावे, की हे लग्न कायद्याने लागलेलेच नाही, तुझी मुलगी कोणाची बायको नाही. आणि लगेच हेही सांगावे, की या संबंधातून मूल झाले असले, तर त्याच्या आणि मुलीच्या हक्कासाठी वकिलाचा सल्ला घे.

शब्दाने सगळे साधत नाही, हेही खरे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या ज्या स्त्रियांची अठरापूर्वी लग्ने झाली होती, त्यांचे प्रमाण देशात २३.३, महाराष्ट्रात २१.९ आणि कर्नाटकात २१.३ टक्के आढळले. यांतली पुष्कळशी लग्ने दुरुस्तीपूर्वीची असतील. तरी पाचांत एक हे प्रमाण लहान नाही.

याकरिता २००६ च्या अधिनियमातली एक कमी परिचित तरतूद येथे मुद्दाम सांगतो. ठरलेल्या बालविवाहाची माहिती ज्याला आहे असा कोणीही मनुष्य दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो आणि दंडाधिकारी तो विवाह थांबविणारा मनाई हुकूम देऊ शकतो. हा हुकूम मोडून लग्न लावले, तर ते भारतात कोठेही आरंभापासूनच शून्य होते, मग गाव कागल असो की निपाणी. अक्षय्यतृतीयेसारख्या दिवशी, जेव्हा अशी लग्ने सामुदायिक रीतीने लागतात, खुद्द जिल्हा दंडाधिकाऱ्याला बालविवाह प्रतिबंध अधिकारी मानले जाते. सारांश, शून्य आणि शून्यकरणीय यांतले अंतर पार करण्याचा अधिकार केवळ विधिमंडळाचा नाही. लग्नपत्रिका हाती पडलेला शिक्षक, मंडप घालणारा कारागीर किंवा शेजारची बाई, यांपैकी कोणीही अक्षता पडण्यापूर्वी तक्रार नोंदविली, आणि वेळेवर हुकूम निघाला, तर ते अंतर त्यांनीच पार केलेले असते.